पाटावर ठेवलेली फ्लॉपी

मशीनसोबत आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं आणि सत्यशीलाचं इंग्रजी दहावीपुरतं. तरी त्यातली शेवटची बारा पानं तिनं शब्दकोश उशाला घेऊन दोन महिने वाचली. त्यात लिहिलं होतं की या मशीनवर नुसता मजकूर टाइप करता येतो असं नाही, त्याला नवं कामही शिकवता येतं. एकेक पाऊल ओळीनं लिहायचं, त्या ओळींना नाव द्यायचं आणि एका कळीला बांधून टाकायचं. पुढं ती कळ दाबली की मशीन तेवढं सगळं आपसूक करतं. सत्यशीला त्याला 'आज्ञा' म्हणायची.

ती परभणीत मन्मथअप्पांच्या छापखान्यात टायपिस्ट होती. वय बत्तीस. नवऱ्यानं टाकलेली, आई बायनाबाई पदरात. माणसं मूळची पूर्णाकाठच्या एका खेड्यातल्या बौद्धवाड्यातली. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलं त्यात त्यांचं घर गेलं, आणि मायलेकी नेसत्या लुगड्यानिशी परभणीला आल्या. तेव्हा अप्पांनी तिला टाइपरायटरपुढं बसवलं. अप्पा लिंगायत, कपाळभर विभूती, गळ्यात लिंग. पाणी दोघांचं वेगळं होतं, पण बोलण्यात कधी टोचणी नव्हती. हे ती विसरत नसे.

एक्क्याण्णव साली नांदेडच्या एका व्यापाऱ्यानं अप्पांना कॉम्प्युटर सहा महिने वापरून पाहायला दिला. त्याच सुमारास एका सहकारी संस्थेच्या सहा हजार सभासदांची यादी छापायचं काम आलं. दसऱ्यानंतर आठव्या दिवशी द्यायची होती.

अप्पा म्हणाले, "यादी येळेवर निघाली तर मशीन ठेवतो आन् तुमाला मशीनवर कायम करतो. न्हाई निघाली तर मशीन नांदेडला परत. मग बाई, मला टायपिस्टचंबी काम उरत न्हाई. खरं ते सांगतो."

यादीतली नावं होती 'मुंजाजी किसन कदम' अशी. संस्थेला हवी होती आडनाव आधी, म्हणजे 'कदम मुंजाजी किसन', आणि सगळी अकारविल्हे. आडनाव पुढं आलं की अकारविल्हे लावणं मशीनला जमत होतं. पण आडनाव पुढं आणणार कोण? सत्यशीलानं आज्ञा लिहिली. ओळीच्या टोकाला जा, शेवटचा शब्द उचल, आरंभी आणून ठेव, खालच्या ओळीवर उतर, पुन्हा तेच. पहिल्यांदा कळ दाबली तेव्हा पंचवीस नावं तिच्या डोळ्यांदेखत कोलांट्या मारून उभी राहिली.

छपाईचे खिळे जुळवणारा वीरभद्र मागून बघत होता. "बाई, ही तर डोंबाऱ्याची पोरं झाली. ह्येंच्याकडून माझे खिळेबी जुळवून घ्या की."

"तुमचे खिळे जुळवले तर तुमी काय करताल?"

"मी चहा पिईन."

पण आठव्या पानावर आज्ञा अडखळली. तिथं 'कडूबाई भ्र. मुंजाजी' एवढंच होतं. आपल्याकडं निजामाच्या दप्तरापासून बाईच्या नावापुढं 'भ्र.', म्हणजे भ्रतार, लिहून नवऱ्याचं नाव लिहायची रीत. काही बायांचं आडनावच लिहिलेलं नव्हतं, तिथं नवराच उचलून पुढं यायचा आणि बाई मागं पडायची. सत्यशीलानं आज्ञेत घातलं: 'भ्र.' दिसलं की थांब, पुढं शब्द किती ते मोज, मगच ठरव. ह्या एवढ्याशा थांबण्यापायी तिनं नऊ वेळा आज्ञा मोडून लिहिली. चाळीस ओळी झाल्या. अशा लहानमोठ्या सतरा आज्ञा तिनं एका फ्लॉपीवर ठेवल्या होत्या, आणि दुसऱ्या फ्लॉपीवर त्यांची नक्कल.

फ्लॉपी म्हणजे वीतभर काळा चौकोन. मधे लांबट खाच, त्यातून आतली तपकिरी पट्टी उघडी दिसायची. तिला बोटसुद्धा लागू द्यायचं नाही, हे पुस्तकातलं पहिलं वाक्य.

नवरात्राच्या झाडलोटीत अप्पांच्या बायकोनं, नागुबाईनं, छापखान्यातली रद्दी विकली. सत्यशीलानं प्रुफांच्या पाठीवर लिहून काढलेल्या आज्ञा तिच्यात गेल्या. "अगं बाई, पाठकोरे न्हवते व्हय ते?" नागुबाई हळहळली. सत्यशीला म्हणाली, "जाऊ द्या अक्का, फ्लॉपीत हायेत."

खंडेनवमीला छापखान्यात हत्यारांची पूजा असायची. कापायचं यंत्र, खिळ्यांचे खण, टाइपरायटर, सगळ्याला विभूतीचे तीन पट्टे आणि बेलाचं पान. दरसाली सत्यशीला दाराशी उभी राहायची. त्या वर्षी अप्पांनी तिला आत बोलावलं.

"सत्यशीलाबाई, मशीन तर नुसता डबा हाय. खरी विद्या तुमी लिवलेली. ती कुठंय? पाटावर ठेवा."

तिच्या हातची वस्तू त्या घरच्या देवाच्या पाटावर? तिनं कागदी पाकिटासकट फ्लॉपी ठेवली. पाकिटात खाच झाकलेली होती.

"देवापुढं खोळ कशाला?" म्हणत अप्पांनी फ्लॉपी बाहेर काढली. बोटं पाण्यात भिजवून विभूतीत बुडवली.

'अप्पा, थांबा,' एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. पण नागुबाई ताट धरून उभी, वीरभद्र हात जोडून, शेजारचे दुकानदार आलेले. आज एक बौद्धाची बाई म्हणते, विभूती लावू नका. गावात नामांतराच्या नावानं अजून माणसं माणसांशी बोलत नव्हती. खाचेचं कारण कोण ऐकणार? 'देव चालत न्हाई हिला' एवढंच उरलं असतं. आणि अप्पांचा हात इतका मायेचा होता.

तिनं हात जोडले. तीन बोटं खाचेवरूनच फिरली.

पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत उचलायचं नाही. एक दिवस, एक रात्र ती ओली राख खाचेत वाळत राहिली.

बायनाबाई घरी म्हणाली, "आगं, सांगायचं की मालकाला."

"काय सांगू, आई? तुमचा देव माझ्या फ्लॉपीत गेला म्हणून?"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं मऊ फडक्यानं खाच टिपली, फुंकर घातली आणि फ्लॉपी मशीनच्या दोन कप्प्यांपैकी खालच्या कप्प्यात सरकवली. आतून कुरकुर आवाज आला, दगडावर पाटी घासावी तसा. पडद्यावर एकच ओळ आली, वाचता येत नाही. पण नक्कल होती ना. तिनं नक्कल काढली आणि त्याच कप्प्यात घातली.

तीच चूक. राख आता कप्प्यातल्या वाचणाऱ्या डोक्याला चिकटली होती. नकलेवरही तोच आवाज उमटला आणि तीही खरवडून गेली.

मग तिनं सगळं आठवून लिहायला घेतलं. सरळ नावांची आज्ञा दोन दिवसांत उभी राहिली. 'भ्र.'ची काही केल्या जुळेना. कधी बाई गायब व्हायची, कधी नवरा दोनदा यायचा. खालचा कप्पा तर मेलेलाच. नांदेडचा माणूस दुरुस्तीला सातव्या दिवशी आला. कप्पा उघडून त्यानं कापसावर करडी भुकटी दाखवली. "हे काय हो?"

अप्पा बघत होते. सत्यशीला म्हणाली, "धूळ असंल."

आठव्या दिवशी संस्थेचा माणूस आला, अर्धी यादी पाहिली आणि कागद काखोटीला मारून निघून गेला. महिनाअखेर मशीन नांदेडला परत गेलं. ते नेताना टेम्पोत कसं ठेवायचं ते सत्यशीलानंच सांगितलं.

"मशीनच खोटी निघाली," अप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. "बाईची विद्या खरी होती." तिला काढून टाकताना ते रडले. जुना टाइपरायटर तिला देऊन टाकला. फ्लॉपी मात्र ठेवून घेतली. "देवाची झालीया ती. राहू द्या इथंच."

देवाला बोल कसा लावावा? विभूती लावणारा हात अप्पांचा, मायेचा; न बोलणारी जीभ आपलीच.

आता ती तहसीलपुढं लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसते. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचं नाव बदललं तेव्हा वस्तीतल्या पोरांनी पेढे आणले. तिनं एक खाल्ला, एक आईसाठी ठेवला आणि पुढचा अर्ज घेतला. येलदरीकडची एक बाई होती. दाखल्यासाठी आली होती.

"नाव सांगा."

"कस्तुराबाई."

तिनं टाइप केलं, मग 'भ्र.' टाइप केलं आणि बोटं कळांवर तशीच थांबली.

"बाई, थांबलात का? दत्तराव लिवा की. मालकाचं नाव दत्तराव."

"लिवते," सत्यशीला म्हणाली.

दर खंडेनवमीला अप्पांच्या देव्हाऱ्यात फ्लॉपीला तीन पट्टे लागतात, असं वीरभद्र सांगतो. ती विचारत नाही. पण 'भ्र.' आलं की बोटं थांबतात, पुढं शब्द किती ते मोजतात.