वडवणीच्या आप्पांकडची क्ष-किरणांची पेटी

हैदराबादहून सोडलेला आमचा फुगा वाऱ्याबरोबर बीड जिल्ह्यात जाऊन उतरला, आणि त्याच्यामागून मी जीपने निघाले. फुग्याला टांगलेली पेटी एका जोडताऱ्याचे क्ष-किरण कसे कमीजास्त होतात ते टिपत होती. हवा हे किरण अडवते, म्हणून यंत्र इतकं वर पाठवावं लागतं. मध्येच रेडिओ-संपर्क तुटला होता. पुढच्या सगळ्या नोंदी पेटीतच होत्या, आणि माझी पीएच.डी. त्यांच्यावर.

अंबाजोगाईला मुक्काम करून सकाळी निघालो. आमचे ड्रायव्हर युसूफभाई प्रत्येक फाट्यावर विचारत, “इधर आसमान से कुछ गिऱ्या क्या?”

“न्हाई बा,” एक चहावाला म्हणाला, “लाइट तेवढी गेलती.”

वडवणीत आठवडी बाजार होता. तिथे कळलं, पेटी मन्मथआप्पांच्या किराणा दुकानात आहे. गुळाच्या ढेपांशेजारी ती हळदकुंकू लावून ठेवलेली होती.

“पेटी माज्या रानात पडली,” आप्पा म्हणाले. “छत्री धाकट्यानं वढून न्हेली. ती आना, मग पेटी न्या.”

“मला पॅराशूट नको, आप्पा. पेटीच हवी.”

“तुमाला नको. मला पायजे.”

त्यांचे धाकटे भाऊ शिवलिंग शेजारच्याच गल्लीत राहत. अंगणात आमचं नारिंगी पॅराशूट मांडव होऊन ताणलेलं होतं. मुलीचा साखरपुडा होता.

“आता सोडू म्हंता, ताई? पाव्हणे वाटंत हायत.”

“आप्पांना बोलावलं नाही?”

“बांधावरनं बोलनं बंद हाय.” त्यांनी नजर वळवली. “आवतन कुन्या तोंडानं देऊ?”

मी हात हलवत परत आले. आप्पांनी गिऱ्हाइकाचा गूळ जोखला आणि विचारलं, “ह्या पेटीत आसतंय काय?”

मी सांगितलं, दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. एक दुसऱ्याचा वायू ओढून घेतो. तो पडताना प्रचंड तापतो, त्यातून हे किरण निघतात.

“म्हंजे धाकटा थोरल्याचं वढतो.”

“साधारण तसंच.”

“मग भांडून लांब जात न्हाईत?”

“नाही. फिरतच राहतात.”

आप्पांनी दुकानाच्या फळ्या लावल्या. “चला. छत्री बगून येतो नुसती.”

मांडवात पुतणी त्यांच्या पाया पडली. आप्पा वरच बघत राहिले. शेवटी म्हणाले, “हितं झोळ पडलाय बे. दोरी वड.”

शिवलिंगांनी दोरी ओढली. मग दोघे भाऊ शेजारी बसून बुंदी जेवले, आणि मीही, पोट फुटेस्तोवर. पेटी जीपमध्ये चढवताना कोणी कोणती बाजू धरायची यावरून त्यांचं पुन्हा वाजलं, पण पेटी चढली.

हैदराबादला नोंदी सुखरूप निघाल्या. आलेखावर ताऱ्याचे चढउतार स्वच्छ दिसत होते. सर खूश झाले, मग म्हणाले, “आणि पॅराशूट?”

“लग्न होईपर्यंत तिकडेच राहील, सर.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “कापड भक्कम आहे. पाऊस आला तरी हरकत नाही.”

तो तारा का लुकलुकतो, हे मी प्रबंधात बरंच सिद्ध केलं. आप्पांनी भरबाजारात दुकान का बंद केलं, त्याला माझ्याकडे अजून पुरावा नाही.