चावडीची पायरी

अगं, ये इकडं, जवळ बस, आणि तो मोबाईल आधी पालथा ठेव. जुन्या वळणाचा माणूस दिसला की तुम्ही पोरी लगेच नाक मुरडता, ही खोड काही बरी नाही. माझे धाकटे दीर तुम्ही पाहिलेच नाहीत, म्हणून. उजनीच्या पाण्याकाठी त्यांच्याइतका हट्टी सरपंच झाला नाही, आणि त्यांच्याइतका मऊसुद्धा.

धोतर त्यांनी कधी सोडलं नाही, सोमवारी दाढी केली नाही, आणि नारळ फोडल्याशिवाय गावातल्या एकाही नव्या ट्रॅक्टरला किल्ली लावू दिली नाही. 'रीत म्हंजे गावाचा कणा' हे त्यांचं पालुपद. भवानी पेठेत आमच्याकडं आले की टेबलावर जेवायचे नाहीत. पाट खाली, ताट खाली. एकदा माझ्या सुनेची पाठ धरली होती. भाकरी वाढायला वाकली आणि कळवळलीच बिचारी. भावजी उठले, ताट टेबलावर ठेवलं आणि खुर्चीवर चढून चक्क मांडी घालून बसले. खुर्ची कुरकुरतेय, धोतर लोंबतंय. "मांडी मोडली न्हाय की वैनी," म्हणाले, आणि शेंगाचटणी मागून घेतली.

कारभारही असाच. त्यांच्या गावात बाई चावडीची पायरी चढत नाही, आणि ग्रामसभा तेव्हा भरायची चावडीवर. निवडून आलेल्या बायांच्या जागी त्यांचे मालकच बसायचे. मी गेले होते त्या हिवाळ्यात धनगरवस्तीवर नळ न्यायचा की नाही, हे ठरायचं होतं. वस्तीची मेंबरीण आली, पण तिचा मालक मेंढरं घेऊन लांब मुलखात. ती पायरीखाली उभी. वरून खालच्या आळीतला एक केळीवाला म्हणाला, "मालक आला की बगू." मालक येणार पावसाच्या तोंडाला, म्हणजे उन्हाळाभर वस्तीच्या डोक्यावर हंडे.

भावजी उठले. "बाई चावडी चढायची न्हाय. माज्या बापानं मोडलं न्हाय, मी मोडणार न्हाय." आळीवाले खूश. तेवढ्यात भावजींनी स्वतःची घोंगडी उचलली, पायऱ्या उतरले आणि समोरच्या लिंबाखाली अंथरली. "सभा हितं भरंल. या खाली."

काय करतात, उतरले की सगळे. मग ती बाई अशी बोलली, "आमच्या शेरडांनी पाणी पिलं तर तुमच्या केळी वाळतील व्हय? अन् केळीला मोटारी हायत, माज्या डोस्क्याला कुटं मोटार हाय?" भोवती जमलेल्या बायाच आधी हसल्या, मग हात वर झाले. ठराव मंजूर.

मी टोमणा मारला, "भावजी, मोडलीच की रीत."

"बगा वर. चढली का एक तरी बाई?"

उन्हाळ्याच्या आत वस्तीवर नळ आला, आणि पुढच्या निवडणुकीत खालच्या आळीनं भावजींना पाडलं. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. पण सभा एकदा लिंबाखाली उतरली ती पुन्हा वर चढलीच नाही. आता बाया-बाप्ये सगळे खालीच बसतात, आणि चावडीवर संध्याकाळी भावजी एकटेच. ती मेंबरीण खालून हाक मारते, "आबा, या की खाली." भावजी म्हणतात, "वर बी कुनीतरी पायजे की." म्हणतात ठामपणे, पण कान खालच्या गप्पांकडंच असतात हो त्यांचे.

म्हणून म्हणते, या सुट्टीला ये. आपण दोघी जाऊ करमाळ्याच्या गाडीनं. तू पायरीखाली बसून त्यांच्याशी बोल, बाई. नक्की ये, लांबवू नकोस.