बशीतला चहा आणि बाईंची खिचडी

माझी नात घरी माझ्या हातचे चार घास खायची न्हाई आणि अंगणवाडीत बाईंसमोर खिचडीचं ताट चाटूनपुसून लख्ख करायची. ह्याचा मला राग यायचा असं मी लोकांना सांगायचो. राग कसला, जळत होतो मी. आता वय झालंय, खरं लिहायला हरकत न्हाई.

नातीला नुकतं चौथं लागलं होतं. लेक आणि सून दोघं वराळ्याकडं कंपनीत जातात, सकाळी सहाला गाडी येते. मंडळी, म्हणजे पोरीची आजी, वारल्यापासून पोरीचं सगळं माझ्याकडं. उठली की मी तिला मांडीवर घ्यायचो आणि बशीत चहा ओतून, फुंकून फुंकून पाजायचो. वर दोन बिस्किटं बुडवून. तेवढ्यापुरती ती माझी. बशी रिकामी झाली की "बाईंकडं चल" म्हणून धोतर ओढायची.

बाई आमच्याच गावची लेक. शेंबूड पुसत फिरायची तेव्हापासून मी तिला बघतोय. ती एक दिवस घरी आली, हातात पोरीचं वजनाचं कार्ड.

"आबा, दोन महिने झाले, पोरीचं वजन हाललेलं नाही. सकाळी काय खाते?"

मी ऐटीत म्हटलं, "चहा-बिस्कीट. मी सोता पाजतो."

"चहानं भूक मरते हो तिची. घरी जेवत नाही ती त्यामुळंच. माझ्याकडं एक वेळ खाऊन कसं भागेल? एवढ्या लहान लेकराला चहा नको आबा."

"मी चहावरच वाढलोय. ह्या हातांनी पंचावन्न वर्षं भात लावलाय. मला काय झालंय?"

"तुम्हाला काही झालेलं नाही," ती हसून म्हणाली, "पण कार्ड तुमचं नाही ना."

झोंबलं मला. दुसऱ्या दिवसापासून पोरीला पाठवलीच न्हाई. म्हटलं, दाखवतोच, आजा काय चीज आहे ते. इंद्रायणीचा मऊ भात, वर तूप, अंडं उकडून. चहा मात्र चालूच. तो कसा बंद करणार? तोच तर एक घास बाईंकडं नव्हता.

आठ दिवस मी ताट घेऊन तिच्या मागं फिरलो. तोंड फिरवायची. एका दुपारी बघतो तर तिनं घरातल्या सगळ्या वाट्या ओटीवर रांगेनं मांडलेल्या आणि एकेकीत चिमूटभर भात वाढलेला. आपण हात जोडून बसलेली.

"खा की गं बाय."

"सगळी आली न्हाईत," ती म्हणाली.

सून सुट्टीवर घरीच होती. दारात उभी राहून ती म्हणाली, "आबा, तिला एकटीला जेवायला बसवता तुमी. तुमी चुलीपाशी जेवता आधीच. तिकडं सगळी पोरं संगं बसत्यात."

"मला शिकवू नगं," मी म्हटलं. पण त्याच आठवड्यात वजनाचा दिवस होता. सून पोरीला घेऊन निघाली, मीही मागनं गेलो. काटा मागल्या खेपेपेक्षा खाली थांबला. बाईनं नुसता कार्डावर आकडा लिहिला. बोलली असती तर भांडलो असतो, बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर मी चहाची बशी फळीवर वर ठेवून दिली. पोर दोन दिवस रडली. तिच्यासमोर मी चहा घ्यायचा तर ती मागणारच, म्हणून मी माझा कप गोठ्यामागं उभा राहून घ्यायला लागलो, चोरासारखा. शेजारच्या म्हातारीनं बघितलं. "काय भाऊ, सुनेनं घराबाहेर काढलं का?" म्हणाली. मी म्हटलं, "तू गप ऱ्हा." सकाळी नाचणीची भाकरी दुधात कुस्करून आम्ही दोघं एकाच परातीत खायचो. ती अंगणवाडीत जायची ते पुन्हा चालू केलं. संध्याकाळी लेक-सून आल्यावर सगळे एका पंगतीला, वाढायचं काम पोरीकडं. सांडायची लय. पण वाढून झालं की जेवायची.

पुढल्या खेपेला काटा वर गेला. त्याच्या पुढल्या खेपेला आणखी. बाई सगळ्या आयांसमोर म्हणाली, "आबांनी चहा सोडवला, आबांमुळं झालं हे." मी मिशीवरनं हात फिरवला. ऊर भरून आला होता, खोटं कशाला बोलू.

आणि तेवढ्यात पोर काट्यावरनं उतरली ती थेट बाईंच्या मांडीत जाऊन बसली.

"चल गं घरी," मी म्हटलं.

"न्हाई."

"आजा आलाय न्यायला."

"बस तितं," तिनं सतरंजीकडं बोट केलं.

बाई पदर तोंडाला लावून हसत होती. मला परत आत कुठंतरी चटका बसला. पण वजन वर गेलं होतं, भांडायला काही उरलं नव्हतं. चपला काढल्या आणि पोरांच्या रांगेत मांडी घालून बसलो, तिचं मन होईपर्यंत.