पासवर्डाचे तीन तुकडे

साइटवर लिहेल व्हतं, कुरडई तयार हाये. अन इकडं माह्या अंगनात बाजेवरची कुरडई भिजून पुन्हा चीक होऊन राहिली व्हती. अवकाळी पाऊस पहाटीच आला अन सगळा माल घेऊन गेला.

मी वलगावची. चौथी शिकली. अकरा बायायचा आमचा बचत गट. कुरडई, काडीवर वळेल गव्हाचे सरगुंडे, मुगवड्या बनवतो. त्या साली कपाशी बोंडअळीनं खाल्ली, वेचायले बलावायले कोनी येईना. चूल पेटे थे या कुरडईवरच. माल अकोल्याच्या हमीदभाईच्या दुकानातून जाये. गिऱ्हाईक मोबाइलवर आमच्या साइटीवर ऑर्डर टाके अन दुकानातून माल उचले. हमीदभाईले फोन करून काही उपेग नव्हता. साइट आपली ऑर्डर घेतच राहे.

साइट माह्या पुतन्यानं, मंगेशनं, बनवली व्हती. हातानं कोडिंग करून. म्हंजे आतलं एकेक अक्षर सोता लिहेल. दिसायले देखनी, उघडे झपकन. पन एक शब्द बदलायचा तरी मंगेशच लागे. अन मंगेशले लागली पुन्याले नोकरी. फोन केला तं म्हने, काकू, मीटिंगमदी हाव. चार दिवस थो मीटिंगमदीच व्हता. एवढ्यात तं सरपंच बदलते.

चार दिवस नसलेली कुरडई इकल्या गेली. पाचव्या दिवशी हमीदभाई एसटीनं वलगावले आले. चहा घेतला नाही, तवाच मी समजली.

"देखो बाई," म्हने, "माल नाही तं नाही लिहा. लग्नाच्या घरात मले शिव्या बसल्या. एक डाव सोडलं. पुढच्या डावी कंपनीचा माल ठेवतो."

मंग आमच्या गटातल्या रफियाबीनं आपल्या भाचीले बलावलं. शबाना, अमरावतीले कॉम्प्युटर क्लास चालवते. तिनं नवी साइट बनवली, सीएमएस का काय म्हनते त्याच्यावर. साचा बनेल असते. आपन पासवर्ड टाकून आत जायचं, डबीत लिहायचं अन बटन दाबायचं. सोऱ्यासारखं काम. चकती बसेलच हाये, आपन पीठ भरा अन दाबा. मंगेश फोनवर हसला. म्हने, काकू, साच्याची साइट जड असते, हळू उघडते. खरंच हळू उघडे. मी म्हनलं, बाप्पा, तुही साइट झपकन उघडून खोटं बोले. हे हळू उघडून खरं सांगन.

आता पासवर्ड ठेवायचा कोनापाशी? गटाच्या पेटीले तीन कुलपं असते, तीन चाब्या तीन बायायपाशी. एकटीनं उघडू नये म्हनून. आमी तेच केलं. बारा अक्षरायचे तीन तुकडे. चार मी घेतले, चार रफियाबीनं, चार शांताबाईनं. ठरावही लिहला, सभेशिवाय कोनी सांगायचं नाही. लय शान्या वाटलो आमी आमालेच.

पुढच्या साली आभाळ पुन्हा तसंच फाटलं. कुरडई गेली. लग्नसराई व्हती, लोक उठले का ऑर्डर टाकतीन. अन शांताबाई गेलेली मोर्शीले, लेकीच्या बाळंतपनाले. मी फोन लावला, तुहे चार अक्षर सांग म्हनलं.

"सभेशिवाय? ठराव तूच लिहला न वो."

"अवं शांते, कुरडई भिजली."

"मंग सभा बलाव. मी काही पळून नाही जाऊन राहिली."

बलावली सभा. डोक्यावर पोते घेऊन बाया आल्या. फोन पेटीवर ठेवला, स्पीकर चालू केला, अन शांताबाईनं मोर्शीतून हजेरी घेतली. एक कमी निघाली. निर्मला म्हशीची धार काढून राहिली व्हती. शांताबाई म्हने, येऊ द्या तिले. म्हैस काही आमच्यासाठी घाई करेना. निर्मला आली तं नवं निघालं. बाकीच्यायनं कान बंद करा म्हने. नऊ बाया कानात बोटं घालून उभ्या, वरून पागोळ्या गळून राहिल्या, अन मी चष्म्यावरचं पानी पुसत माहे चार अन तिनं सांगेल चार, एकेक अक्षर दाबून राहिली. मंग रफियाबीनं पदराआड तिचे चार दाबले.

उघडली एकदाची. मी लिहलं: कुरडई भिजली. बुरशी येईन. घेऊ नका. सरगुंडे चांगले हायेत. बटन दाबलं. तोवर तीन ऑर्डरी येऊन पडल्या व्हत्या. त्यायले मीच फोन करून नाही म्हनलं.

थोड्या वेळानं हमीदभाईचा फोन आला.

"बाई, ये क्या लिखा? घेऊ नका? ऐसा कोई दुकानदार लिखता क्या?"

"तुमीच म्हनलं व्हतं, नाही तं नाही लिहा."

मले वाटलं, आता ठेवते कंपनीचा माल.

"रहने दो," म्हने. "लोक सरगुंडे विचारून राहिले. कितने हैं?"

शबानाले हे सांगतलं तं तिनं कपाळाले हात लावला. म्हने, मावशी, बनवनारीचा पासवर्ड येगळा असते, मले एक फोन केला असता तं दोन मिनिटात बदलून देल्लं असतं. मी म्हनलं, ठरावात तुहं नाव नव्हतं.

तं साइट हातानं बनवा का सीएमएसवर, थे मंग पाहा. पहिले हे पाहा का बदलायले कोन लागते, अन थो मानूस राह्यते कुठं.