राजकुमार मेश्रामचा डावा हात

भिलाईतल्या कोहका वस्तीच्या राजकुमार मेश्रामला जगातील बहुतेक गिटारवादक भोंदू वाटत. पायाखालची बटणे दाबून आवाज घुमवणारे, तारेवर काचेची नळी फिरवून रडका सूर काढणारे, या साऱ्यांना तो एकाच मापाने मोजी: ‘हातात दम नाही, म्हून हे सोंग.’ स्वतःच्या हाताविषयी मात्र त्याच्या मनात कसलाही संशय नव्हता. पोलाद कारखान्यातील वेल्डर धोंडबाच्या या मुलाने तरुणपणी एका घासलेल्या कॅसेटवर विलायती रॉकचा एक तुकडा ऐकला होता. सूर इतक्या वेगाने खालीवर उड्या मारीत होते की ते डाव्या हाताच्या चार बोटांतूनच निघतात, हे त्याने गृहीत धरले. वाजवणारा उजव्या हाताची बोटेही दांडीच्या पडद्यांवर आपटीत होता, हे कॅसेट काही सांगत नव्हती. मग राजकुमारने करंगळी ताणताणून, मनगट सुजवून, तो तुकडा एकट्या डाव्या हाताने बसवला. भिलाईत असे वाजवणारा दुसरा नव्हता. बाहेरही बहुधा नसावा. तिथे कोणाला तशी गरज पडली नव्हती.

पुढे मोबाईलवर खरा प्रकार दिसला, तेव्हा त्याने निकाल दिला, “दोन हातानं तर कोनीबी वाजवते.”

पोळ्या लाटणारी त्याची बायको कौशल्या म्हणाली, “मंग मी एका हातानं लाटू का पोळ्या? जेवा मंग उद्या सकाळी.”

हा युक्तिवाद त्याने उत्तर देण्याच्या लायकीचा मानला नाही.

आंबेडकर जयंतीच्या ऑर्केस्ट्रात भीमगीतांपूर्वी हाच तुकडा वाजवून गर्दी शांत करायची, हा त्याचा जुना मान. यंदा भिलाई-३ वस्तीतल्या तालमीत करंगळी आखडली आणि मधले सूर गळाले. ऑर्केस्ट्रा चालवणारा बाबुलाल सरळ बोलला, “राजूभाऊ, बीच में सूर गायब होऊन राहिले. दोन हातानं वाजवा, नाहीतर सुशीलले वाजवू द्या.”

सुशील म्हणजे बोरसीहून आलेला नवा गिटारवाला. दोन्ही हातांनी पडदे बडवणारा.

“तो गिटार वाजवते का अर्ज टाइप करते?” राजकुमारने विचारले.

“अर्ज तर अर्ज. अक्षर तर साफ येते ना.”

मान जाणार, हे उघड होते. घरी येऊन त्याने दार लोटले आणि उजवा हात प्रथमच दांडीवर नेला. कौशल्याने ठेवलेला चहा निवण्याआधी तुकडा बसला. ज्यासाठी तारुण्य खर्ची पडले ते इतके स्वस्त निघावे, याचा त्याला विलक्षण संताप आला. समोर दुसरे कोणी नसल्याने त्याने गिटारलाच भंगार ठरवले.

“आज सूर घसरले नाही,” आतून कौशल्या म्हणाली. “दुसरा कोनी आला का काय वाजवाले?”

जयंतीला त्याने दोन्ही हातांनी वाजवले. एकही सूर गळाला नाही. टाळ्या पडल्या, त्या दरवर्षीइतक्याच. म्हणजे ज्यांच्यासाठी इतकी वर्षे मनगट सुजवले, त्यांनी त्याचा हात कधी पाहिलाच नव्हता. बिचारे नुसते ऐकत होते. श्रोत्यांविषयी त्याला उरलेला किरकोळ आदरही त्या क्षणी संपला.

मंचाच्या मागे सुशील पुढे आला. “काका, जमलं की तुमाले.”

नवशिक्याला म्हणावे तसे ते कौतुक राजकुमारने गिळले. मग गिटार पिशवीत सरकवीत, त्याच्याकडे न पाहताच म्हणाला, “तुया उजव्या हाताचं बोट उशिरा उठते बे. घरी ये, दाखवतो.”