आईच्या खोलीत परदेशी

आई पडली ती फेब्रुवारीच्या शेवटी. ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत वाळत घातलेली चादर ओढायला गेली, पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. भावाचा बदलापूरहून फोन आला तेव्हा टोरंटोत आमच्या दारापुढचा बर्फ अजून वितळला नव्हता.

"ऑपरेशन करायचं म्हणतायत. येशील ना?"

येणार तर होतेच. पण माझं येणं म्हणजे व्हिसा काढून येणं. कॅनडाचं नागरिकत्व घेतलं तेव्हा भारताचा पासपोर्ट परत करावा लागला होता. आमच्यासारख्यांना आजन्म येण्याजाण्याचं कार्ड मिळतं. त्याचा माझा अर्ज नवऱ्याच्या एका जुन्या कागदावरून अडकून पडला होता. त्यामुळे सगळ्यात लवकर मिळतो तो महिन्याचा ई-व्हिसा काढला आणि निघाले. महिन्याभरात आई वॉकर धरून उभी राहील, पुढचं भाऊ-वहिनी बघतील, असं आम्ही ठरवलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. पण आठवडाभरातच कोरोनामुळे हॉस्पिटलं रिकामी करायला लागली. "घरी न्या, इथे ठेवणं आता धोक्याचं आहे," डॉक्टर म्हणाले. चार माणसांनी खुर्चीवर बसवून आईला जिन्याने वर आणलं. त्यानंतर सगळंच बंद झालं. विमानं बंद, गाड्या बंद, भाऊ बदलापूरला अडकला. फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलीने येणं थांबवलं. एका खोलीत आई आणि मी. संडास गॅलरीच्या टोकाला, म्हणजे आईसाठी बेडपॅन. मी तो झाकून, ओढणी तोंडाला बांधून गॅलरीतून नेत असे आणि माझी चाहूल लागली की एकेक दार लागत असे.

कारण मी परदेशातून आलेली. तळमजल्यावरचे काका चाळ कमिटीचे सेक्रेटरी. मला लहानपणापासून ओळखणारे. त्यांनी चाळीच्या ग्रुपवर टाकलं, 'आपल्या चाळीत विदेशातून आलेली व्यक्ती आहे, सर्वांनी अंतर ठेवावे.' नाव नव्हतं. गरजही नव्हती. महापालिकेची दोन माणसं येऊन कपाळासमोर यंत्र धरून गेली. मला साधी सर्दीसुद्धा नव्हती. तरी रात्री साधा ठसका लागला की मी उशीत तोंड खुपसून तो दाबायची, कोणी ऐकेल म्हणून.

पण माझी खरी धास्ती वेगळी होती. व्हिसा संपत आला होता.

हा महिन्याचा व्हिसा एरवी वाढवून मिळत नाही. टीव्हीवर सांगत होते की अडकलेल्या परदेशी लोकांना मुदतवाढ मिळेल, ऑनलाइन अर्ज करा. अर्ज करायला बसले आणि पहिल्याच पानावर थांबले. परदेशी माणूस कोणाच्या घरी उतरला तर त्या घरवाल्याने ते सरकारला कळवायचं असतं. आधीच्या प्रत्येक खेपेला भाऊ ते करायचा. या वेळी ऑपरेशनच्या धावपळीत राहून गेलं होतं. सरकारच्या लेखी मी विमानतळातून बाहेर पडले आणि नाहीशी झाले.

खोली आईच्या नावावर. म्हणजे कळवायचं आईने. मी तिच्या उशाशी बसून मोबाइलवर एकेक रकाना भरायला लागले.

"काय करतंस?" आईने तिच्या मालवणीत विचारलं.

"तुझ्याकडे परदेशी पाहुणी राहते, असं तू पोलिसांना कळवतेयस."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं मी गंमत करतेय. मग माझा चेहरा बघून ती म्हणाली, "पोलिसांक कित्याक? तू माजा चेडू मां?"

"हो गं, तुझीच मुलगी. पण पासपोर्ट कॅनडाचा आहे."

तिने उशाशी पडलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. मग हात पुढे करून म्हणाली, "दाखय, खंय सही करूची ती." ऑनलाइन सही नसते हे मी तिला सांगितलं नाही. कोऱ्या कागदावर तिची सही घेतली, तिने पूर्ण नाव लिहिलं, आणि त्या कागदाचा फोटो मी जोडून टाकला. कोणी मागितला नव्हता.

अर्जातल्या पासपोर्ट साइझ फोटोला पांढरी भिंत हवी होती. आमच्या भिंती पोपटी. कपाटाच्या दाराला आईने बाबांच्या मागे जपून ठेवलेलं त्यांचं धुतलेलं धोतर लावून स्वतःचा फोटो काढला. नवरा तिकडे पहाटे उठून कॉलवर बसायचा, मी इकडून फोटो पाठवायचे, तो ते लहान करून परत पाठवायचा. पान मध्येच अडकायचं. पुन्हा पहिल्यापासून. एकदाचा अर्ज गेला आणि दुसऱ्या दिवशी वकिलातीचा ई-मेल आला.

कॅनडाच्या नागरिकांसाठी मुंबईहून खास विमान सुटणार होतं. माझ्यासाठी जागा होती. उद्या सकाळपर्यंत उत्तर द्या.

नवऱ्याचा लगेच फोन. "ये तू. नीट ऐक. आत्ता व्हिसा चालू आहे. आत्ता निघालीस तर पुढे कधीही येऊ शकशील. मुदत उलटून राहिलीस आणि त्यांनी नोंद केली, तर उद्या आईला काही झालं तरी व्हिसा मिळणार नाही. कळतंय का तुला?"

कळत होतं. त्यापुढचंही कळत होतं. विमान नाही म्हणून अडकले, हे मी आजपर्यंत सांगू शकत होते. आता विमान आहे आणि मी जात नाही म्हटल्यावर मी अडकलेली उरतच नव्हते. मी मुद्दाम राहिलेली होणार होते.

आईने सगळं ऐकलं होतं. दहा बाय बाराच्या खोलीत न ऐकण्याची सोय नसते.

"जा तू," ती म्हणाली. "खालची काकू बघतली माका."

खालची काकू म्हणजे सेक्रेटरीकाकांची बायको. ती आमच्या मजल्यावर येत नव्हती की आम्हाला हाक मारत नव्हती. हे आईलाही माहीत होतं. दुपारी तिला कुशीवर वळवताना तिने माझं मनगट धरलं ते वळून झाल्यावरही सोडलं नाही. मी ई-मेलला उत्तर लिहिलं: सध्या जाऊ शकत नाही, आईची देखभाल करणारं दुसरं कोणी नाही. पाठवलं आणि आईसाठी पेज चढवायला उठले.

मुदत संपायच्या आदल्या सकाळी मी पोलीस चौकीत गेले. ऑनलाइन सगळं होतं, पण प्रत्यक्ष कोणाला तरी सांगून ठेवावंसं वाटत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चर्नी रोडच्या दिशेला बॅरिकेड लावलेले. मिठाईच्या दुकानाच्या पायरीवर एक कुत्रं आडवं पसरलेलं. चौकीच्या दारातच टेबल आडवं टाकून आत कोणाला येऊ देत नव्हते.

"परदेशी नागरिकाच्या व्हिसाचं विचारायचं होतं," मी म्हणाले.

"कुठेय तो परदेशी? त्याला पाठवा," टेबलामागचे साहेब वर न बघता म्हणाले.

"मीच."

मग त्यांनी वर पाहिलं. "तुम्ही? मराठी बोलताय की."

मी पासपोर्ट पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला नाही, टेबलावर ठेवायला सांगितला आणि पेनाच्या टोकाने पानं उलटली. जन्मस्थान मुंबई. त्यावर पेन जरा थांबलं.

"राहता कुठे?"

चाळीचं नाव सांगितलं.

"तुमच्या लोकांसाठी विमान सुटतंय ना? बातम्यांत होतं."

याच प्रश्नाला मी घाबरत होते. येताना मनात तयार केलेली वाक्यं एकदम पुसली गेली. "आईचं ऑपरेशन झालंय. ती उठू शकत नाही. भाऊ बदलापूरला आहे. मी गेले तर..."

"हे अर्जात लिहिलंय?"

"हो. हॉस्पिटलचे कागदही लावलेत."

"मग मी काय करणार, मॅडम? ते वरून ठरतं. देतील, नाही देतील, मला सांगता येणार नाही." एका कागदावर त्यांनी माझा पत्ता आणि फोन उतरवून घेतला. "बाहेर फिरू नका. बोलावलं तर या."

बोलावलं तर या, हे तीन शब्द मी घरी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी व्हिसा संपला. साइटवर अर्जापुढे तेच लिहिलेलं, 'प्रक्रियेत'. मी भाजी निवडता निवडता बघायची, आईच्या पाठीला पावडर लावता लावता बघायची. जिन्यावर बुटांचा आवाज आला की हातातलं काम थांबायचं. ज्या गॅलरीत मी लगोरी फोडली, भोंडल्याची गाणी म्हटली, तिथे उभं राहायला मला भीती वाटत होती. कठड्याशी गेलं तर कोणीतरी बघेल, आणि म्हणेल, ही अजून गेली नाही.

आई मात्र हट्टाने उभी राहायला लागली. फिजिओच्या मुलीने व्हिडिओ पाठवले होते, ते बघून मी तिला पाय उचलायला लावायची. खाटेपासून मोरीपर्यंत. मग दारापर्यंत. "माका लवकर चालूक व्हया," असं ती म्हणायची. का, ते मी विचारत नव्हते.

आणि एका दुपारी ते आले. खाली गलका झाला. मी दाराच्या फटीतून पाहिलं तर चौकात अँब्युलन्स, नखशिखांत पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं आणि दोन पोलीस. त्यातला एक वर बघून मजले मोजत होता.

मी दार लावून घेतलं. पासपोर्ट, हॉस्पिटलचे कागद, अर्जाचा नंबर सगळं पिशवीत भरलं आणि खाटेच्या कडेला बसले. आईच्या गोळ्या कुठल्या डबीत आहेत ते तिला सांगायला लागले. सकाळची ही, रात्रीची ही. ती माझ्याकडे बघत राहिली. "काय झाला गो?" ती विचारत होती आणि मी नुसती गोळ्यांचीच माहिती देत होते.

वर कोणीच आलं नाही. थोड्या वेळाने खालून काकूच्या रडण्याचा आवाज आला. सेक्रेटरीकाकांना न्यायला आले होते ते. काका तोंडाला रुमाल धरून स्वतःच्या पायांनी अँब्युलन्सकडे चालत गेले. चढताना त्यांनी एकदा वळून चाळीकडे पाहिलं. सगळ्या मजल्यांवर दारं बंद होती. माझंही.

मला आधी हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःचीच शिसारी आली.

चाळीच्या तोंडाशी बांबू बांधले गेले आणि तिथे खुर्ची टाकून पोलीस बसला. काकू खाली एकटी, तिला बाहेर पडायची बंदी. संध्याकाळी मी दोन कप चहा जास्त टाकला आणि थर्मास तिच्या दाराशी ठेवून लांब उभी राहून हाक मारली. दार उघडून तिने आधी थर्मास पाहिला, मग मला.

"तुला भीती नाही वाटत?" तिने विचारलं.

"वाटते ना."

"त्यांनी ग्रुपवर ते टाकलं होतं. मी नको म्हटलं होतं त्यांना."

"चहा गार होईल, काकू."

त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ मी थर्मास ठेवायची. पुढे त्याबरोबर पोळी-भाजीचा डबाही. काका तीन आठवड्यांनी परत आले ते अर्धे होऊन. आल्या दिवशी त्यांनी खालूनच आईला हाक मारून तब्येत विचारली. माझ्याशी काही बोलले नाहीत, पण बांबूपाशी भाजीवाला आला की आमच्या वाट्याची पिशवी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवलेली असायची.

मुदतवाढीचा ई-मेल मी आईचे केस धूत होते तेव्हा आला. हात शिकेकाईने भरलेले. फोन वाजला, कडेला सरकवला, केस पुसून झाल्यावर उघडला. इंग्रजीत दोन ओळी आणि एक जोडलेला कागद. मी तो तीनदा वाचला आणि तरी खात्री होईना, म्हणून नवऱ्याला पाठवला. तिकडे मध्यरात्र होती. त्याचं उत्तर लगेच आलं, म्हणजे जागाच होता. 'मिळालं गं. मिळालं.'

"काय आसा?" आईने पंचा खांद्यावर घेत विचारलं.

"राहायची परवानगी मिळाली."

"माज्या खोलीत?"

"हो."

"बरां," ती म्हणाली आणि केस झटकायला लागली.

ती परवानगी पुढे आणखी एकदा वाढवावी लागली, आणि दर वेळी तीच धाकधूक. सप्टेंबरमध्ये मात्र मी निघाले. आई तोवर वॉकर घेऊन गॅलरीच्या टोकापर्यंत जाऊन येत होती, भावाला पास काढून आठवड्यातून एकदा येता यायला लागलं होतं, आणि उरलेल्या दिवसांचं काकूने स्वतःहून अंगावर घेतलं. "तू जा बिनधास्त. मी आहे," ती म्हणाली.

विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीत एक तरुण बाई होत्या. त्यांनी व्हिसा पाहिला, तारीख पाहिली, मग माझ्याकडे. मी मुदतवाढीचे कागद काचेखालून सरकवले. त्या उठून मागे कोणाला तरी दाखवायला गेल्या. मी काउंटरची कडा धरून उभी राहिले. मागची रांग चुळबुळ करत होती. पळत सुटावं असं वाटत होतं, आणि कुठल्या दिशेला ते कळत नव्हतं. त्या परत आल्या, बसल्या, शिक्का मारला.

"आई बऱ्या आहेत ना आता?" कागद परत देताना त्यांनी विचारलं. हॉस्पिटलचे कागद वाचले असावेत.

मी फक्त मान हलवली.

टोरंटोला घरी पोहोचल्यावर वरच्या खोलीत चौदा दिवस वेगळं राहायचं होतं. नवऱ्याने दाराशी जेवणाचं ताट ठेवलं आणि लांबून हात हलवला. ताटाला हात लावायच्या आधी मी आईला फोन केला. ती काकूच्या आमटीवर चिडलेली होती, गूळ घालते म्हणून. ते सगळं सांगून झाल्यावर तिचा आवाज एकदम खाली आला.

"थंय तुका कोणी अडवूक नाय मां?"

तेव्हा मला कळलं की ते सहा महिने मी एकटीच घाबरत नव्हते.

"नाही गं," मी म्हणाले. "कोणीच नाही."

"बरां मगे. आता जेव," ती म्हणाली.