रिकाम्या बाकांचं भय

माझ्या व्याह्यांएवढा भित्रा माणूस साऱ्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नसेल. ते विहिरीत डोकावत नसत, फोटोला उभे राहत नसत, आणि पटवारी गावात आला की ताप आल्याचं सांगून घोंगडी ओढून घेत. पण त्यांच्या साऱ्या भीतींची राणी एकच: सरकारी मोटार बंद पडेल!

समुद्रपूर ते सिंदी या वाटेवर आधी माझी मोटार धावे. कापसाच्या दलालीत पै पै जोडून घेतलेली. सरकारनं मार्ग ताब्यात घेतला आणि हातावर जे ठेवलं, तेवढ्यात मी म्हैससुद्धा विकली नसती. तो राग अजून निवलेला नाही. त्यात हे व्याही! माझ्या गाडीत गुडघ्याचं दुखणं सांगून अर्ध्या भाड्यात बसायचे; सरकारला मात्र पुरते पैसे, वर कंडक्टरला रामराम. उत्पन्न वाढलं नाही तर फेरी बंद करू, असं आगारातून कळल्यापासून काम असो-नसो ते मोटारीत. पुढच्या गावी उतरायचं आणि शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यानं चालत घरी. एकदा लग्नाच्या बैलगाड्या अडवून अख्खं वऱ्हाड नवरदेवासकट त्यांनी मोटारीत चढवलं. एकदा हॅटवाला गृहस्थ दिसताच तो उतारू मोजायला आलेला साहेब समजून, गाडी भरलेली दिसावी म्हणून सगळ्यांना ऐसपैस बसायला लावलं. तो निघाला शिवणयंत्रं विकणारा.

मी चिडून विचारलं, "इवाईबुवा, सरकारचा तोटा तुम्ही काऊन भरता?"

"तुमची मोटार भरल्याबिगर हालत नव्हती, म्हनून तिची काळजी नव्हती. हे रिकामी बी येते. मंग भेव नाई वाटन का?"

माझी मुलगी त्यांची सून. माझी मोटार थांबलेली आणि सरकारची सुरू न झालेली, अशा मधल्या दिवसांत तिला बैलगाडीतून आणताना हिसक्यांनी वाटेतच सारं संपलं होतं. आता पुन्हा दिवस गेले होते. डॉक्टरीणबाईंनी बैलगाडीचं नावही काढू दिलं नव्हतं. सातवा लागला की तिला माहेरी, सिंदीला आणायचं होतं; तोवर फेरी टिकायला हवी होती. मग मीही, सरकारला शिव्या देत, ओळखीच्या दलालांना त्याच मोटारीनं समुद्रपूरला धाडू लागलो.

फेरी टिकली. मुलगी सिंदीला सुखरूप उतरली. व्याह्यांनी खिडकीतून तिचं गाठोडं दिलं. उतरा, चहा घ्या, मुक्काम करा, असं मी मनापासून म्हटलं. ते जागचे हलले नाहीत.

"परतीले कोनीच नाई," ते हळूच म्हणाले.

मोटार सुटली. एवढ्या बाकांत ते एकटेच.

"बाबा, मामंजीले हात तरी करा."

मी हात केला. त्यांनी केला नाही. पुढच्या बाकाचा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. सोडायचं भेव वाटत असावं.